केरबांच्या मौनाचा अर्थ लिहा

"आता डोळे मिटा," उदय म्हणाला, "आणि ही शांतता ऐका."

अख्ख्या हॉलनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. कुणी सांगितलं म्हणून डोळे मिटायचे नाहीत, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. त्यामुळे मला दिसलं, की शेजारच्या खुर्चीतली अंजिराआत्या पुढे सरकली, कानावरचा पदर तिनं मागे केला आणि हसऱ्या तोंडानं वाट बघायला लागली. स्पीकरमधून तिच्या नवऱ्याचा, केरबामामांचा आवाज नुकताच येऊन थांबला होता. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता टेपवर आत्याची पाळी होती.

स्पीकर गप्प. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग मामा म्हणाले, "व्हय." पुन्हा सगळं चिडीचूप, चांगलं लांबलचक. मग मामा म्हणाले, "मी न्हवतो तिथं. खरं हाय." आणि पुन्हा काही नाही.

दिवे लागले. लोकांनी डोळे उघडले, टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळे पुसले. आत्या तशीच पुढे झुकून बसली होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "कुंदे, माझं कुठं गेलं?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

पुण्यातली ती संस्था. नाव घेत नाही, घेतलं तर तोंड खराब होईल. धरणाखाली गेलेल्या गावांमधल्या लोकांच्या मुलाखतींचा मोठा डिजिटल संग्रह त्यांनी उभा केला होता आणि त्याचं उद्‍घाटन होतं. कुणीही घरबसल्या उघडावं, ऐकावं, शिक्षकांनी वर्गात वापरावं, संशोधकांनी अभ्यास करावा, अशी कल्पना. कल्पनेला मी नावं ठेवत नाही. आमच्या तालुक्यात मुलाला इतिहासाचं अस्सल साधन दाखवायचं तर गॅझेटिअरची एक फाटकी प्रत होती, तीही कुलपात. मी ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचे. मला तर हे हवंच होतं.

शिवाय त्या मुलाखती घेताना मी तिथं होते. मी आणि उदय पाटणकर, दोघंही एमएला होतो. आमच्या सरांनी आम्हाला टेपरेकॉर्डर दिला आणि धरणग्रस्तांच्या वसाहतींमधून फिरायला पाठवलं. उदय माईक धरून प्रश्न विचारायचा, मी कॅसेटी आणि बॅटरीचे सेल सांभाळायचे. प्रश्न विचारायचं काम मुलीला द्यावं असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढे सर वारले, कॅसेटी संस्थेकडे गेल्या, उदय डॉक्टरेट मिळवून तिथं संचालक झाला. मी नव्या खडवईजवळच्या कॉलेजात नोकरीला लागले आणि तिथंच राहिले. खडवई म्हणजे अंजिराआत्याचं, माझ्या या मानलेल्या आत्याचं, गाव. जुनं पाण्याखाली आहे, नवं माळावर.

या गावाची एक गोष्ट आहे आणि ती गावातलं शेंबडं पोरही सांगतं. धरणाचं पाणी कुठवर येणार ते दाखवायला सरकारी मोजणीदारांनी शिवारात चुना लावलेले दगड रोवले होते. ते एका दिवसात नाहीसे झाले. मोजणी पुन्हा करावी लागली, काम लांबलं, त्या मुदतीत खडवईकरांनी एक पीक काढलं आणि भांडून सगळ्या गावाला एका जागी जमीन मिळवली. आजूबाजूची गावं मात्र तीन जिल्ह्यांत पांगली. हे दगड कुणी उपटले? केरबा शेळके आणि त्यांच्या साथीदारांनी. वसाहतीतल्या चौकाला मामांचं नाव आहे, पाटी आहे, दर वर्षी हार घालतात.

दगड अंजिराआत्यानं आणि तिच्या सोबतिणींनी उपटले होते.

हे तिनं मला पिठलं ढवळता ढवळता सांगितलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. पण गावात कोण ऐकणार? सोबतिणी एकेक करत गेल्या. पोलीस येतील म्हणून पहिली काही वर्षं सगळ्यांनीच तोंड शिवून घेतलं. मग कुणीतरी मामांच्या गळ्यात पहिला हार घातला. मामा भला माणूस, बायकोवर हात उगारला नाही की कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण एकदा गळ्यात पडलेला हार काढून ठेवायचं त्यांना काही जमलं नाही. आत्याची सूनच तोंडाला पदर लावून हसायची, म्हणायची, "आत्याबाई, तुमाला पाण्याची घागर उचलंना, तुमी दगड कवा उचलला?"

एका ठिकाणी मात्र मामांनी खरं कबूल केलं होतं. आमच्या टेपवर. मामा बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून बोलत होते आणि आत्या आतल्या दाराशी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिथनंच तिनं नवऱ्याला टोकलं, सगळं सांगितलं, आणि मामांनी मान्य केलं. मी स्वतः ऐकलं होतं. म्हणून संस्थेचं आमंत्रण आल्यावर मी आत्याला म्हटलं, चला. तुमचा आवाज पुण्यात ऐकू, मग तोच मोबाइलवर घेऊन येऊ आणि चौकात लावू. सुनेला पहिल्या रांगेत बसवू. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. एसटीत मला म्हणाली, "मरायच्या आदी एकदा सगळ्यास्नी ऐकू दे, मग माजं काय बी हू दे."

आणि इथं तिच्या नशिबी काय आलं? शांतता.

जेवणाच्या सुट्टीत उदयला गाठलं. तो पाहुण्यांच्या घोळक्यात होता, हातात गुलाबजामची वाटी. मला बघून खूश झाला. कुंदा, कसं वाटलं, म्हणाला. मी म्हटलं, अंजिराआत्याचा आवाज कुठं आहे. त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, अच्छा, ते होय, आणि मला समजावून सांगायला लागला, पहिल्या वर्षाच्या पोरीला सांगावं तसं. जुन्या कॅसेटींत फार कचरा असतो. कोंबड्या, भांडी, रडणारी पोरं, मागचं बोलणं. मुख्य वक्त्याचा आवाज स्वच्छ यावा म्हणून बाकी सगळं काढून टाकलं. भाकरी थापायचा आवाजसुद्धा काढला, बघ, किती कठीण काम. पण प्रामाणिकपणा असा, की सेकंदाचीही काटछाट केलेली नाही. मूळ मुलाखत जेवढी लांब, तेवढीच ही लांब.

मी म्हटलं, तो कचरा नव्हता. ती बोलत होती. दगड तिनं उपटले होते आणि तेच ती सांगत होती.

"कुंदा, मुलाखत केरबांची होती," तो म्हणाला. "त्या मागे काहीतरी पुटपुटत होत्या, एवढंच मला आठवतंय."

पुटपुटत होत्या. आत्याचा आवाज असा, की माळावरनं हाक मारली तर एसटी थांबते. मी त्याला विचारलं, तू सकाळी भाषणात त्या रिकाम्या जागांबद्दल जे बोललास, ते कशाच्या आधारावर? कारण सकाळी त्यानं तासभर तेच सांगितलं होतं. विस्थापित माणसाचं मौन. ज्याचं गाव गेलं, त्याचे शब्दही कसे जातात. स्वतः दगड उपटणारा माणूस 'मी नव्हतो तिथं' म्हणतो, म्हणजे दुःखानं तो स्वतःलाच त्या घटनेतून कसा वजा करतो. यावर त्याचा निबंध परदेशात छापून आला होता. अरे देवा, तो माणूस तिथं नव्हता म्हणून नव्हतो म्हणाला. त्यात कसलं आलंय दुःख.

उदयचा चेहरा जरा उतरला, पण लगेच सावरला. म्हणाला, हे तुझं म्हणणं झालं. मी म्हटलं, मूळ कॅसेट काढ, आत्ताच्या आत्ता ऐकू. तर म्हणाला, कॅसेटींना बुरशी लागली होती, काम झाल्यावर त्यांची विल्हेवाट लावली. सगळ्याच.

मग मला एकदम दुसरीच गोष्ट सुचली. मी विचारलं, हा आवाज काढायचा प्रकार फक्त याच मुलाखतीला केला का?

"नाही, नाही. नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "सगळ्यांना सारखाच. वक्ता सोडून बाकी कुणाचाही आवाज ठेवायचा नाही."

किती घरांत गेलो होतो आम्ही. प्रत्येक घरात तेच. बापई माणूस बाजेवर नाही तर खुर्चीवर, आणि बाई दाराआड. आणि प्रत्येक घरात दाराआडून आवाज यायचा. असं नव्हं, तसं झालं. तुमी इसरला. ते साल न्हवं, त्या साली थोरली जन्मली. कुणाचं जनावर वाहून गेलं, कुणाच्या पदरात कुठली जमीन आली, पहिल्या पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये कुणाचं बाळ गेलं. पुरुष अडले, की बायका सांगायच्या. बाळ गेल्याचं तर फक्त बायकाच सांगायच्या. ते सगळं यांनी एका नियमानं धुऊन काढलं आणि वर त्या धुतलेल्या जागांवर निबंध लिहिला. त्या बायांपैकी आता किती जिवंत असतील? मी ताट तिथंच टेबलावर ठेवून दिलं.

मी उदयला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पाहुणे बघायला लागले एवढं खरं. तो फक्त म्हणाला, "तू नेहमीच अशी टोकाची," आणि कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला.

आत्या बाहेर कट्ट्यावर बसली होती. जेवली नव्हती. मी तिला सांगितलं, तुमचा आवाज यांनी पुसला, मूळ कॅसेटही टाकून दिली, आता तो कुठंच नाही. सांगताना मलाच रडू फुटलं, रागाचं. तिनं मला दोन-तीन गोष्टी विचारल्या. ह्यांचं बोलनं तेवढं ठेवलंय का? हो म्हटलं. मधी जागा सोडल्याती का? हो, जेवढी तुम्ही बोललात तेवढी. दुपारी पुन्यांदा लावनार हायती का? मी म्हटलं, दुपारी शिक्षकांसाठी लावणार आहेत. पण आपण थांबायचं नाही, पहिल्या गाडीनं जाऊ. इथलं पाणीसुद्धा प्यायची माझी इच्छा नाही.

"न्हाई. थांबायचं," ती म्हणाली. "आन तू गप बसायचं. माजं मी बगते."

दुपारच्या बैठकीला सगळे शिक्षक होते, लांबलांबचे. हे साधन वर्गात कसं वापरायचं ते उदय दाखवणार होता. पडद्यावर मामांचा फोटो, खाली त्यांच्या बोलण्याचा छापील मजकूर. मामांच्या वाक्यांच्या मधे कंसात 'शांतता' असं तीन ठिकाणी लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली विद्यार्थ्यांसाठी नमुना प्रश्न: केरबांच्या मौनाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. माझ्या मागचा एक शिक्षक तो प्रश्न मन लावून वहीत उतरवून घेत होता. मला त्याची वही ओढून घ्यावीशी वाटली. आत्यानं माझं मनगट धरून ठेवलं होतं, भाकरी थापून थापून घट्ट झालेल्या हातानं.

त्याआधी तिचा सत्कार झाला. कै. केरबा शेळके यांच्या पत्नी, म्हणून. उदयनं शाल दिली, नारळ दिला. तिनं घेतला, नारळ मांडीवर ठेवला. मग उदयनं पुन्हा सांगितलं, डोळे मिटा, आणि टेप लावली.

मामांचा आवाज आला. "मग आमी टिकाव घितलं, पारी घितल्या, आन दगड उपटलं. बाजाराचा दिस हुता."

आणि शांतता सुरू झाली.

आत्या उठली नाही. तिनं माईक मागितला नाही. बसल्या जागेवरनं, चुलीपुढनं बोलावं तशी, आपल्या रोजच्या आवाजात बोलली.

"बाजाराचा दिस हुता म्हनूनच सांगते. तुमी बाजाराला गेला हुता, बैल घिऊन. गावात बाप्या मानूस एक न्हवता."

"व्हय," स्पीकरमधून मामा म्हणाले.

हॉलमधल्या सगळ्यांचे डोळे उघडले. उदय मंचावर माईकपाशी उभा होता. त्यानं टेप बंद करायला हात पुढे केला, पण पुढच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक त्याला हातानंच थांब म्हणाले. आत्याचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. ती पडद्यावरच्या मामांशी बोलत होती.

"दगड आमी बायांनी उपटलं. म्या, बायजा आन कुंभाराची गुना. तानूबाईला सातवा म्हैना हुता, तिला टेकाडावर राकनीला बसवली. पाटीत घालून डोक्यावरनं वाहिलं आन डोहात टाकलं. गुनाचं बोट चेचलं. सांजच्याला तुमी आला, तवा ताट वाढलं आन मग सांगितलं. तुमी घास खाली ठिवला. म्हनला, कुनाला बोलू नगा. आमी न्हाई बोललो. पन आता तुमी तरी खोटं बोलू नगा."

ती थांबली. तिला माहीत होतं कुठं थांबायचं ते. घरात एवढी वर्षं ती याच जागी थांबत आली होती.

"मी न्हवतो तिथं," मामा म्हणाले. "खरं हाय."

टेप चालू होती, पडद्यावरच्या तिसऱ्या 'शांतता'पाशी आली. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. मी उठायला लागले. पण आत्यानं माझं मनगट सोडलं नाही. ती आता पडद्याकडं बघत नव्हती. मान वळवून तिनं मंचावर उभ्या असलेल्या उदयकडं बघितलं.

मग मला आठवलं. बाहेरची खोली, बाजेवर ठेवलेला टेपरेकॉर्डर, आतून येणारा धूर. या तिसऱ्या ठिकाणी आत्या बोललीच नव्हती.

"हितं तुमी बोलला हुता, सायेब," ती म्हणाली. "मावशी, तुमी जरा गप बसता का, काका बोलतायत. आसं म्हनला हुता. मग मी गप बसले, आन भाकरी वाढली तुमाला."

तिनं मांडीवरचा नारळ उचलून खाली जमिनीवर ठेवला.

"आता तुमची पाळी हाय. म्हना की."

उदय माईकपुढं उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. आत्या वाट बघत बसली. टेप पुढं सरकत होती आणि पडद्यावर 'शांतता' हा शब्द अजून तसाच होता.